जुनेराचं गाठोडं

अमरावती,
२० ऑक्टोबर २०२४

चि. प्रियदर्शनी,
जयभीम.

नावाआधी सौ. लिहायला हात गेला होता, तो आवरला. तुझा नवा नंबर माझ्याकडे नाही आणि संघपालकडे मागायची सोय नाही. तू अकोल्याला जिल्हा परिषदेत आहेस एवढं ठाऊक आहे, म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे. सासूचं पत्र ऑफिसात आलं म्हणून तोंड वाकडं करू नकोस. आता मी सासूही नाही म्हणा. कोर्टाचा कागद झाला त्याला दोन वर्षं होऊन गेली.

काम एवढंच आहे की तुझं कपाट रिकामं करायचं आहे. संघपालने गेल्या वर्षी दुसरं लग्न केलं हे तुझ्या कानावर आलंच असेल. मुलगी दर्यापूरची, नाव वर्षाली. स्वभावाने बरी आहे, भाजीत तेल जास्त घालते. इतके दिवस तिचे कपडे पलंगाखालच्या सुटकेसमध्ये होते आणि ती एका अक्षराने बोलली नाही. कपाटात तुझं सामान आहे हे तिला दिसत होतं. आता तिला मोबाइलवर कपाट कसं आवरावं याचे व्हिडिओ पाहायचा नाद लागला आहे. त्यातला नियम असा, की वर्षभर जे अंगाला लागलं नाही ते घराबाहेर काढायचं. मी म्हटलं, या नियमाने मलाही काढावं लागेल. हसली बिचारी.

दुसरा नियम त्याहून भारी. एकेक कपडा हातात घ्यायचा आणि मनाला विचारायचं. परवा माझा जुना परकर माझ्यापुढे धरून म्हणते, “आई, हे हातात घेऊन तुमाले आनंद होते का?”

मी म्हटलं, “परकर पाहून कोणाले आनंद होते बाई? नाडी सापडली तं होते.”

तर मुद्द्याचं असं. वरच्या खणात तुझ्या साड्या आहेत. कांद्याच्या सालीच्या रंगाची, जी तू पहिल्या पगारात घेतली होतीस आणि मला किंमत खोटी सांगितली होतीस. लग्नातली पांढरी, निळ्या काठाची, तिच्यात मी डांबरगोळ्या टाकत असते. हिरवा स्वेटर आहे. पंजाबी ड्रेस आहेत, त्यातल्या आरशांच्या ड्रेसची बाही उसवली होती, ती मी शिवून ठेवली. हे सगळं तुझं आहे. तुझं तू येऊन निवडून घेऊन जा.

रविवारी ये. संघपालला नांदगाव पेठेच्या कारखान्यात सुट्टी मंगळवारी असते, त्यामुळे रविवारी तो घरी नसतो. वर्षालीला मी माहेरी पाठवीन. बाजारात अजून अंबाडी येते आहे, भाजी-भाकर करीन. मी वाट पाहून बसले आहे असं मात्र समजू नकोस. कपाटाचा प्रश्न आहे, बाकी काही नाही.

तुझी,
आई


अमरावती,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. प्रियदर्शनी,
जयभीम.

तुझं उत्तर मिळालं. उत्तर म्हणायचं तर म्हणायचं. ऑफिसातल्या कुठल्याशा परिपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर दोन वाक्यं: “आई, सगळं देऊन टाका. मला काही नको.” मी शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं, तेव्हा पोरंसुद्धा आजारपणाच्या अर्जात याहून जास्त लिहायची. पण आई लिहिलंस. तेवढा शब्द मी परत वाचला.

दे म्हणालीस म्हणून मी जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडेवालीला हाक मारली. तिने ओट्यावर टोपलं उतरवलं आणि तुझ्या साड्या झटकून झटकून पाहायला लागली. कांद्याच्या सालीची ती साडी उजेडाला धरली आणि म्हणाली, “हे विरली हाये बाई. याच्यावर डब्बा नाही भेटत. आणखी दोन टाका.”

माझं डोकं फिरलं. म्हटलं, “साडी नाही विरली, तुहे डोये विरले,” आणि सगळं गोळा करून आत घेऊन आले. वर्षाली दारात उभी होती. “आई, देऊन राहिल्या होत्या ना?” मी म्हटलं, भाव पटला नाही.

शेवटी दिलंच. ड्रेस विहारातल्या मुलींना दिले. स्वेटर शेजारच्या आरतीच्या आईने घेतला. साड्या विहारातल्याच बायकांनी वाटून घेतल्या. देताना मी तिथे थांबले नाही. पांढरी साडी तेवढी माझ्या ट्रंकेत घातली आहे, तिचं काय करायचं ते तू सांगशील तसं. वरचा खण पुसला, कागद अंथरला, वर्षालीने आपले कपडे लावले. एका दिवसात तिथे दुसऱ्याच पावडरचा वास यायला लागला.

मग ती खालच्या खणाकडे वळली. तिथे काय असतं ते तुला ठाऊक आहे. माझं गाठोडं. तिने ओढून बाहेर काढलं, गाठ सोडली आणि खूश झाली. “मायबाई, एवढे मऊ फडके! पोछ्याले मस्त होतीन.” मी हातातून हिसकावलंच म्हण ना. ती घाबरली. मग तिला खाली बसवून सांगितलं, की हे फडके नाहीत, हे जुनेर आहे. आपल्या घरी तान्ह्या बाळाच्या अंगाला पहिल्यांदा नवं कापड लावत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर वापरून विरलेलं, पन्नास पाण्यातून निघालेलं सुती कापडच लावायचं. त्यांचं वय बाळाला लागतं म्हणतात. वय लागो न लागो, कापड टोचत नाही हे खरं. संघपाल झाला तेव्हा माझ्या सासूने तिची लुगडी अशीच काढून दिली होती. त्यातलं एक अजून गाठोड्याच्या तळाशी आहे. त्यावर संघपालच्या बाबांचं धोतर आहे. त्यावर माझी पातळं.

तुझं लग्न झालं त्या वर्षी मी हे बांधायला घेतलं. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत त्या वर्षीचं विरलेलं एक पातळ त्यात घालायचं, असं माझं ठरलेलं. आठवतं ना? मी गुडघ्यांमुळे खाली वाकू शकत नव्हते, म्हणून गाठोडं तूच काढायचीस, गाठ तूच सोडायचीस. मी वरून पातळ ठेवायची आणि तू परत बांधायचीस. साऱ्या साफसफाईत मला तेवढंच काम आवडायचं. तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही, पण आपल्या दोघींना माहीत होतं ते कशासाठी आहे.

वर्षालीने सगळं ऐकून घेतलं. गाठोडं परत बांधलं, गाठ जरा जास्तच आवळली.

तू येत नाहीस हे मला समजलं. न येण्याचं कारण विचारत नाही. तुमच्या दोघांचं काय बिनसलं ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

तुझी,
आई


अमरावती,
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. प्रियदर्शनी,
जयभीम.

या वेळी सौ. लिहिलं आहे. कोणी सांगितलं ते सांगते. आपल्या शेजारच्या आरतीची बदली अकोल्याला तुमच्याच ऑफिसात झाली आहे. बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीने रोज जाणं-येणं करते. परतताना आमच्याकडे चहाला थांबते, कारण तिच्या घरी गेल्या गेल्या स्वयंपाकाला लागावं लागतं.

परवा कपात बिस्किट बुडवत म्हणाली, “काकू, तुमची जुनी सून भेटली. आरोग्य विभागात बसते. चांगली दिसून राहिली. सहावा सरला असन.”

मी विचारलं, “काय सहावा?” मला खरंच कळलं नाही.

आरतीचा चेहरा पडला. तिला वाटलं होतं मला माहीत आहे. मग तिच्याकडून एकेक काढून घेतलं. की तू मागच्या एप्रिलमध्ये लग्न केलंस. की नवरा मूर्तिजापूरचा, शाळेत मास्तर आहे, सासू सोबत राहते. म्हणजे मी कपाटाचं पत्र लिहिलं तेव्हा तुझं दुसरं घर झालं होतं. आणि मी तुला अंबाडीच्या भाजीचं आमिष दाखवत होते.

मला राग आला. का आला ते विचारू नकोस, तो काही शहाणपणाचा राग नव्हता. आरती गेल्यावर कप धुवायला गेले आणि नळ तसाच सुरू ठेवून उभी राहिले. तुझ्यात काहीच खोट नव्हती, प्रिया. नागपूरपर्यंत तुला नेलं, पोटाचे फोटो काढले, गोळ्यांनी तुझं अंग सुजलं, पायात चप्पल जाईना. संघपालची मात्र एकही तपासणी झाली नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या नावाची चिठ्ठी दिली होती. “मले काय झालं?” म्हणून त्याने ती टेबलावरच ठेवली, आणि मी पण म्हटलं, त्याला कशाला. हे तुझ्या तेव्हाच लक्षात आलं असेल. माझ्या त्या नळापाशी आलं.

एक मात्र तूही मान्य करशील. मी तुला कधी वाकडा शब्द बोलले नाही. आठ वर्षांत एकदाही नाही. बाया विचारायच्या तर मीच त्यांना गप्प करायची. दुसऱ्यांच्या सासवा काय काय बोलतात ते तू ऐकलेलं आहेस.

आता लोक वर्षालीला विचारायला लागले आहेत. तिच्या आईने दर्यापूरहून कसलासा काढा पाठवला, तो ती नाक दाबून पिते. मी पाहते आणि दुसऱ्या खोलीत जाते. तिला काही सांगितलेलं नाही. संघपाललाही नाही. पोराला असलं कसं सांगायचं असतं ते मला येत नाही.

आरती म्हणाली तू चांगली दिसतेस. खात जा.

तुझी,
आई


अमरावती,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. प्रियदर्शनी,
जयभीम.

आरतीच्या हाती गाठोडं पाठवते आहे. ऑफिसात चारचौघांत उघडू नकोस, घरी नेऊन उघड. सगळं मी परत एकदा नुसत्या पाण्यातून काढलं आहे, साबण लावला नाही, उन्हात वाळवलं आहे. दुपटी शिवलेली नाहीत. बाळ यायच्या आधी आपल्यात शिवत नाहीत हे तुलाही माहीत आहे. फाडायच्या वेळी आधी काठ काढून टाक, काठ टोचतो. सर्वांत मऊ आहे ते तळाशी, माझ्या सासूचं. त्याची टोपरी चांगली होतील. धोतराचे लंगोट कर.

तू म्हणशील, वर्षालीसाठी का नाही ठेवलं. तिला दुकानातलंच हवं आहे. आजकालच्या मुलींना जुनं चालत नाही.

हे वरचं मी खोटं लिहिलं. खोडत नाही, राहू दे. वर्षालीने गाठोड्याबद्दल पुन्हा एक शब्द काढलेला नाही. खरं हे आहे, की या घरात ते कोणाच्या उपयोगी पडेल असं मला वाटेनासं झालं आहे. आणि तुझ्या घरी दोन महिन्यांत लागणार आहे. व्हिडिओवाले म्हणतात तसं, ज्याची गरज नाही ते घरात ठेवू नये. इतकी वर्षं जपलेलं कापड उंदरांनी खाण्यापेक्षा तुझ्याकडे गेलेलं बरं.

तुझ्या सासूबाई काही म्हणतील तर सांग, ओळखीच्या एका म्हातारीने दिलं. नाव सांगायची गरज नाही. मला आजी म्हणवून घ्यायचं नाही, बारशाला बोलवू नकोस, फोटो पाठवू नकोस. ते लेकरू माझं कोणी नाही हे मला कळतं. फक्त त्याच्या अंगाला माझं पातळ लागावं एवढी इच्छा आहे. माझी ती एकच इच्छा राहिली आहे, म्हणून पदर पसरून मागते आहे. घेशील ना?

तुझी,
आई


अमरावती,
२३ मार्च २०२५

प्रियदर्शनी,
जयभीम.

गाठोडं परत आलं. आरतीने ते बरेच दिवस आपल्या घरी लपवून ठेवलं होतं, मला कसं सांगावं म्हणून. शेवटी तिच्या आईनेच तिला आमच्याकडे पाठवलं. आरतीने ते ओट्यावर ठेवलं आणि चहा नको म्हणाली. आरती चहाला नाही म्हणते म्हणजे काय असेल ते मी ओळखलं. तुझं बोलणं मी तिच्याकडून जसंच्या तसं वदवून घेतलं. ती गाळून सांगत होती, मी गाळू दिलं नाही.

“आरतीताई, आई मले कधी काही बोलल्या नाही, हे खरं हाये. बोलल्या असत्या तं मी उलटून तरी बोलली असती. दर दिवाळीले माह्याच हातानं ते गठुडं काढाय लावत. माह्याच हातानं गाठ सोडाय लावत. अन् वरून एक पातळ ठेवत. आणखी एक साल गेलं, असं. मी तिथं बसून पाहत राहायची. रात्री जेवण नाही जात होतं मले. ते कापड माह्या लेकराच्या आंगाले मी लावत नाही.”

मी आधी चिडले. आरतीवरच ओरडले, की कापड ठेवणं म्हणजे टोमणा कसा होईल, मी काय मोजत होते का. ती बिचारी उठून गेली. मी बाहेरच बसून राहिले. मायेने केलं होतं मी ते, प्रिया. एवढं मला ठाम माहीत होतं.

तेवढ्यात वर्षाली बाहेर आली. मी काही न सांगता तिने गाठोडं उचललं, आत नेलं, कपाटाच्या खालच्या खणापुढे बसली आणि स्वतःच गाठ सोडली. मग मान वर न करता म्हणाली, “आई, यंदाचं पातळ राहून गेलं ना ठेवाचं? कोणतं ठेवू?”

तिचे हात पाहिले मी. गाठ सोडलेली होती आणि दोन्ही हात त्या कापडावर पडून होते. तेव्हा मला तू दिसलीस. आठ वर्षं समोर बसलेली होतीस आणि मी तुझ्या हातांकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मी फक्त पातळाच्या घडीकडे पाहत होते, की नीट बसली का. तू म्हणालीस ते खरं आहे. मला त्याचं फार वाईट वाटतं.

मी वर्षालीला म्हटलं, काही ठेवायचं नाही, उठ. तो काढा मोरीत ओतून दे.

संध्याकाळी संघपाल जेवायला बसला तेव्हा वाढता वाढता म्हटलं, “दवाखान्यात तू जाय. वर्षालीले न्यायचं नाही. आधी तू.”

“आई, जेवू दे.”

“प्रियदर्शनीले नववा लागला,” मी म्हटलं.

त्याचा घास हातातच राहिला. मग ताट सरकवून उठला आणि गाडी काढून निघून गेला. वर्षाली समोर भात कालवत राहिली, बराच वेळ, खाल्ला नाही. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. कारखान्यातून येतो, वर्षालीला पाणी मागतो, वर जातो. दवाखान्यात जाईल असं मला वाटत नाही. पण वर्षालीने ऐकलं आहे. पुढे जेव्हा लोक तिच्याकडे बोट दाखवतील तेव्हा तिच्याजवळ निदान एवढं तरी असेल. तुझ्याजवळ तेही नव्हतं.

यापुढे मी तुला लिहिणार नाही. आरतीकडे तुझी चौकशीही करणार नाही, तिला तसं सांगून ठेवलं आहे. पांढऱ्या साडीबद्दल तू काही कळवलं नाहीस, म्हणून तीही मी विहारात देऊन टाकली, एका मुलीच्या लग्नाला हवी होती. आता या घरात तुझं काही राहिलेलं नाही. सुखरूप मोकळी हो. बाळंतपणात डोकं बांधून ठेव, तुला वारा लवकर लागतो.

गाठोड्याचं सांगते आणि संपवते. काल ऑटो करून बायकांच्या सरकारी दवाखान्यात गेले. वऱ्हांड्यात खेड्यातली एक म्हातारी बसली होती, मांडीवर नात. दोन दिवसांची असेल. घाईत घरून काही आणलेलं दिसत नव्हतं, पोर लेकीच्या ओढणीत गुंडाळलेली होती, आणि त्या ओढणीला टिकल्या होत्या. मी गाठोडं तिच्यापुढे ठेवलं. तिने एक पातळ उचलून गालाला लावून पाहिलं.

“लय मऊ हाये बाई. घरचं जपून ठेवलेलं दिसते. तुमाले लागन ना?”

“नाही लागत,” मी म्हटलं.

“काहून? सून नाही का?”

“दोन हायेत,” मी म्हटलं.

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. दाताने काठ तोडला आणि पातळ मधोमध फाडलं.

इंदूबाई